श्रीधरच्या नावाचा खोका

किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही. आपण आपलं जगत असतो, ते मागे साठत जातात, आणि एक दिवस कळतं की किस्से भरपूर आहेत, ऐकणारं माणूसच कमी झालंय. आमच्या चौघांचं तसं झालं. म्हणून तुम्हाला सांगतो.

चौघं म्हणजे माझा मोठा भाऊ श्रीधरदादा, सरकारी कारखान्यातून रिटायर झालेले रानडे काका, झाशीच्या इलाइट चौराह्यावर मोबाईलच्या कव्हरांचं दुकान असलेले इरफानभाई, आणि दादाची बॅग धरून मागे मागे फिरणारा नववी नापास मी. छंद एकच, बेतवा नदीवर गळ टाकून मासे धरायचा. रॉड, रील, दोरा हे सामान जपानमध्ये इथल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतं. पण तिकडचे दुकानदार झाशीला पाठवत नाहीत. त्यासाठी तिथे एक कंपनी आहे. तिच्या गोदामात आपल्या नावाचा कप्पा मिळतो. काहीही मागवा, तिथे जमा होतं, मग सगळ्यांचं मिळून एकच खोका इकडे येतो. आमचा कप्पा दादाच्या नावाचा होता. दादा म्हणायचा, "एकट्याने मागवलं की महाग पडतं."

मागच्या महिन्यात चिरगाँवच्या पुढे ट्रकने दादाच्या मोटरसायकलला उडवलं. दादा गेला. त्याने मागवलेलं सामान मात्र गोदामात पोचलं. कंपनीचा मेल आला, मी फोनकडून हिंदी करून वाचला. ज्याच्या नावाचं सामान त्यालाच मिळेल, आणि मुदतीत मागवलं नाही तर नष्ट करू!

दादाचं जे उरलं होतं ते मी माझ्या हातांनी बेतवेत सोडून आलो होतो. हा खोका सोडणार नव्हतो.

*

पहिला खोका आईनेच उघडला होता. आमचे पूर्वज पूजाअर्चा करायला देशावरून इकडे आले, घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. आणि खोक्यातून निघाले रबराचे मासे! डोळे, खवले, शेपटी, सगळं खऱ्यासारखं.

"अगोबाई! श्रीधर, हे मेलं काय आणलंस?"

"आई, रबर आहे ते. खऱ्या माशाला फसवायला."

"रबराची पाल आणलीस तर तिला मी काय म्हणू? चिमणी?"

त्या दिवसापासून नियम झाला. खोका जिन्यावर राहायचा, आणि ज्याने उघडला त्याने आंघोळ करून घरात यायचं. दादा डोक्यावरून पाणी ओतता ओतता ओरडायचा, "समुद्र ओलांडून येतो गं हा खोका, फक्त आपला उंबरा ओलांडत नाही!"

*

आम्ही मासे धरून परत सोडायचो. आम्ही तर खात नव्हतोच, आणि इरफानभाईला माशाच्या वासाने मळमळायचं. पारीछा धरणाच्या बाजूला एक म्हातारा नावाडी आम्हाला रोज बघायचा. एकदा दादाने चांगला हातभर रोहू काढला, हूक अलगद सोडवला, आणि मासा पाण्यात सोडला. म्हाताऱ्याला राहवेना.

"काए भैया, जौ सामान कितै सें मँगाओ?"

"जापान से, कक्का."

"जापान सें मँगाओ, घाम में ठाँड़े रए, मछरिया पकरी, औ छोड़ दई?"

"हम बाम्हन हैं, कक्का. खाते नहीं."

म्हाताऱ्याने वल्हं उचलून नावेत ठेवलं. मग म्हणाला, "तौ मछरिया कौ का दोस?"

*

रानडे काका हिशोबाचे पक्के. मूळचे सांगलीचे. त्यांनी शोध लावला की खोका जितका भरलेला, तितका एकेका वस्तूमागे वाहतुकीचा खर्च कमी. म्हणजे खोक्यात जागा उरली तर नुकसान! मग ती जागा भरायला काका आणखी काहीतरी मागवायचे. दोन दोऱ्यांच्या जागी पाच. एक टोपी. एक बादली, घडी होणारी! मग सामान जास्त झालं म्हणून मोठा खोका, आणि मोठ्या खोक्यात पुन्हा जागा उरायची.

एकदा आम्ही त्यांच्याकडे बसलो होतो. काका दादाला समजावत होते की या वर्षी किती बचत झाली. काकू पोहे घेऊन आल्या, बश्या ठेवल्या आणि म्हणाल्या, "श्रीधर, यांना सांग बाबा, आता बचत पुरे. पेन्शन संपत आली!"

*

इरफानभाईचा किस्सा कस्टमचा. खोक्यात काय आहे ते लिहावं लागतं. इरफानभाईला कुणीतरी सांगितलं की 'गिफ्ट' लिहा, ड्यूटी लागत नाही. दादा नको म्हणत होता, तरी त्यांनी लिहून टाकलं. आठ दिवसांनी फोन आला. दादाने स्पीकर लावून फोन सरळ त्यांच्या हातात दिला. "तुम्ही लिहिलंत, तुम्हीच बोला."

समोरचा साहेब शांत होता. "जापान से आपको गिफ्ट आया है. किसने भेजा?"

"जी, दोस्त है."

"अच्छा. ये दोस्त आपको हर दूसरे महीने रबर की मछलियाँ क्यों भेजता है?"

इरफानभाईने आमच्याकडे पाहिलं. दादाने आभाळाकडे पाहिलं.

"साहब," इरफानभाई म्हणाले, "बहुत याद करता है."

ड्यूटी भरावी लागली ती लागलीच. पण साहेब हसला, एवढं फोनमधून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

*

दादा गेल्यावर मी गळ टाकायला एकदाच नदीवर गेलो. एकटाच. दादाची जागा सोडून बाजूला उभा राहिलो. आणि त्याच दिवशी मला महासीर लागला! आयुष्यातला पहिला. दादाने इतकी वर्षं त्याची वाट पाहिली होती, त्याला कधी लागला नाही. रॉड कमानीसारखा वाकला, दोरा हात कापत गेला. मी ओरडलो, "दादा, जाळी! जाळी आण!" मग माझं मलाच कळलं आणि मी गुडघाभर पाण्यात उतरून मासा स्वतःच उचलला. सोनेरी होता. एका हाताने कसाबसा फोटो काढला, मासा सोडला, आणि आधी फोटो दादाला पाठवला. सवयच ती.

माझ्याच दुसऱ्या खिशात फोन वाजला. ओटीपीसाठी दादाचा फोन मी बरोबर ठेवत होतो.

*

खोक्यात काय काय आहे ते मला माहीत नव्हतं. पाच पुडकी आहेत एवढं मेलमध्ये होतं. रानडे काकांना विचारलं, तर म्हणाले, "माझं काही नव्हतं रे यावेळी." काका, आणि काही नव्हतं! इरफानभाईच्या दुकानात जाऊन विचारलं, तर तेही गिऱ्हाइकाचा फोन पुसत म्हणाले, "मेरा तो कुछ नहीं था मंगेश. तू टेंशन मत ले. रहने दे, जाने दे उसको."

"जाने दे म्हणजे? दादा एकटा पाच पुडकी मागवणार होता?"

"छोड़ ना, यार."

माझं डोकं फिरलं. काउंटरवर कव्हरांचा फिरता स्टँड होता, तो मी ढकलून दिला. शे-दीडशे कव्हरं रस्त्यापर्यंत पसरली. गिऱ्हाईक पळालं.

इरफानभाई उठले नाहीत. आवाजही चढवला नाही. पलीकडच्या स्टँडकडे बोट दाखवून म्हणाले, "वो वाला भी गिरा ले."

मी जमिनीवर बसून रडलो. ते शेजारी बसून कव्हरं गोळा करत राहिले. मग मी दादाचा फोन काढला आणि 'पाठवा' बटण दाबलं. बोटीचा मार्ग, स्वस्त कुरिअर, काही बघितलं नाही, जे सगळ्यात लवकर येईल ते दाबलं. इरफानभाईने आपलं कार्ड पुढे केलं. रानडे काकांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बरं केलंस." काका!

*

खोका दुपारी आला. डिलिव्हरीवाला नवीन होता, आमच्या गल्लीत पहिल्यांदाच आलेला. ओटीपी विचारला, मी दादाच्या फोनमधून वाचून दाखवला. मग म्हणाला, "आधार दिखाइए." मी दादाचं आधार पुढे केलं.

त्याने फोटो पाहिला. मला पाहिलं. पुन्हा फोटो पाहिला. आम्ही भाऊ तोंडावळ्याने सारखे. पण फोटोत भरघोस मिशी, आणि इकडे माझ्या डोक्यावर केस नुकते फुटत होते.

"श्रीधर जी आप ही हैं?"

जिना उतरताना मी 'हो' पाठ करून आलो होतो. तोंडातून निघेना.

"जिनका है उन्हीं को बुलाइए, भैया. नहीं तो वापस जाएगा. जापान से आया है, हमारी नौकरी का सवाल है."

तो खोका पुन्हा गाडीवर ठेवायला लागला, तेवढ्यात आई पदराला हात पुसत जिना उतरून आली.

"यही है श्रीधर," ती म्हणाली.

"माताजी, फोटो में तो मूँछ है."

"उतरवानी पड़ी. इसका भाई चला गया."

तो माणूस थांबला. हेल्मेट काढून त्याने हातात धरलं. आवाज खाली आणून त्याने विचारलं, "बड़ा था?"

"नहीं," आई म्हणाली. "छोटा."

त्याने खोका माझ्या हातांत दिला आणि पेन पुढे केलं. "यहाँ साइन कर दीजिए, श्रीधर जी."

मी सही केली.

"त्यांना पाणी विचार रे," आई म्हणाली, आणि जिना चढून गेली.