खेकडा बघायला एकटीच गेलेली मीरा

मैत्रिणींनो, आजचीच गोष्ट आहे, लगेच लिहितेय.

माझी मीरा चार वर्षांची. मी घरी ब्लाउज शिवते, म्हणून दुपारी तिला टीव्ही लावून देते. मारामारीची कार्टून बंद करून मी मुद्दाम एक छान कार्यक्रम शोधला होता. त्यात एक ताई मुलांना किडे, पानं, पक्षी दाखवते. मला माझंच कौतुक वाटायचं.

आज त्यात खेकडा होता. मीरा चपला घालूनच माझ्याकडे आली.

"आई, खेकडा बिळात आडवाच शिरतो का गं? चल ना, बघूया."

"टीव्हीतच बघ. दुसरा भाग लावते," म्हणत मी मशीन चालवत राहिले.

थोड्या वेळाने मान वर केली, तर टीव्ही चालू आणि मीरा गायब! आमच्या कासू गावातल्या घरामागे शेतं आहेत, पलीकडे भरलेला ओहोळ. मी ओरडत धावले. बांधावरून शेजारच्या काकूंची हाक आली, "हितं हाय गो, घाबरू नको!"

मीरा पाण्याच्या कडेला बसून बिळात डोकावत होती. काकूंनी तिचा फ्रॉक घट्ट धरला होता.

"तुला काम होतं ना, म्हणून मी एकटीच आले," मीरा म्हणाली. अगदी समजूतदारपणे. तेच जास्त लागलं.

कार्यक्रम चांगलाच होता हो. त्याने तिला घराबाहेर बघायला शिकवलं, आणि मी तिला परत टीव्हीसमोर बसवत होते.

तुमची मुलं असं काही विचारत आली, की तुम्ही हातातलं काम ठेवून उठता का? खरं सांगा.