दोन्ही डाव्याच की!

सुरीला मूठ बसवणं म्हणजे भाकरी थापण्याइतकं सोपं काम, असं मी एकदा मोठ्यानं बोलून बसले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचे हे वर्कशॉपात टर्नर, पण हौस सुऱ्या बनवायची. थोरलीला शिरोळचं स्थळ आलेलं, तिलाही मुलगा पसंत. मुलाचे वडील साखर कारखान्यात फोरमन. त्यांचा फोन आला, "रविवारी जेवायला येतो, तुमच्या सुरीचं लई ऐकलंय, ती बघतो आन् पोरीचं काय ते सांगतो." आणि शनिवारी सकाळीच, सुरीला मूठ बसवायची बाकी असताना, यांनी अंगठा कापून घेतला! (स्वतःच्याच सुरीनं. म्हणजे धार उत्तम होती.)

"बसा गप. मी करतो की!" मी म्हणाले. (आम्ही कोल्हापूरच्या बायका 'करतो'च म्हणतो.)

काम ते काय? पातं आणि लाकडी मूठ यांच्यामध्ये दोन्ही अंगांना एकेक पितळी पट्टी. तिची मागची कड तिरकी घासायची, म्हणजे लाकूड तिच्या पोटाखाली शिरतं आणि जन्मात उचलत नाही. पहिली पट्टी मी अशी घासली की हेही चकित!

"झकास! आता दुसरी उलटी धर," म्हणाले आणि आंघोळीला गेले.

मी दुसरी पट्टी घेतली आणि कानस उलटी धरली!

कानशीला उलटं काय नि सुलटं काय! दोन्ही पट्ट्या एकाच अंगाच्या झाल्या. दोन्ही डाव्या पायाच्या चपलाच जणू! दुसरी बसेना, भोकं जुळेनात. मग मी दोन ट्यूबांचा डिंक कालवला, त्यात पितळेचा कीस मिसळला, पट्टी तशीच चिकटवली आणि फट लिंपून टाकली. दुरून नुसतं सोनं!

"रिव्हिटा ठोकल्यास न्हवं?" हे आतून ओरडले.

"व्हय की!"

रविवारी पाहुणे ताटावर बसले. सुरी हातावर तोलली, "वा!" म्हणाले आणि तांबड्या रश्श्याच्या वाटीवर लिंबू कापलं.

डुबुक!

मी ऐकलं. त्यांनी नाही. दोन घास झाले आणि पाहुणे काहीतरी मन लावून चोखायला लागले.

"ताई, नळी लई कडक हाय की!"

"बोकड जून आसंल, पावणं!"

यांनी सुरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. दारात थोरली रडकुंडीला आलेली. पाहुण्यांनी तोंडातली 'नळी' काढली, रुमालानं पुसली, सुरीला लावून बघितली.

"कुणी घासली ही?"

"मी."

"दोन्ही डाव्याच की!"

संपलं. स्थळ गेलं! पाहुण्यांनी मात्र पट्टी ताटाच्या कडेला ठेवली आणि खो खो हसत सुटले.

"आमचं पोरगं बी डावरंच हाय. सुपारी कवा फोडायची, विहीणबाई?"

तेव्हापासून व्याही आमच्याकडं जेवायला आले की आधी रश्श्यात चमचा फिरवून वाटीचा तळ तपासतात. मला राग येत नाही. माझ्या वाटीत मीही फिरवते!