ऑपरेटर काकूंचं घड्याळ

आमच्या मजल्यावर ऑपरेटर काकूंना नावाने कोणी हाक मारत नसे. टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्या एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसल्या. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी पोस्टमन जिन्यातूनच ओरडायचा, "ऑपरेटर काकू, सही!" जुनी सवयही सुटली नव्हती. समोरचा बोलताना थांबला की जरा वाट पाहून विचारायच्या, "झालं बोलणं, की आहात अजून?"

त्यांचा पलंग आणि माझा स्वयंपाकाचा ओटा यांच्यामध्ये एकच भिंत, तीही पातळ. माझी मुलगी दहा दिवसांची असताना नवऱ्याला रात्रपाळी लागली होती आणि मी घरात एकटी. बाळ झोपलं की श्वास चालू आहे ना म्हणून नाकाशी बोट धरायची, आणि रडलं की त्याच्याबरोबर मीही रडायची. रात्रपाळीच्या तिसऱ्या दिवशी काकू आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "हे बघ पोरी, सकाळी सहाला मी भिंतीवर दोनदा वाजवीन. तू एकदा वाजव. नाही वाजवलंस तर लाइन बंद पडली असं समजून मी येईन."

वाजवायला त्यांच्याकडे ऑफिसातला काळा लाकडी रूळ होता. ट्रंककॉलच्या वहीत रेघा मारायला मिळालेला, परत द्यायचा राहून गेलेला. मी पळीने उत्तर द्यायची. पहिल्या महिन्यात चारदा मी उत्तर दिलं नाही, आणि चारही वेळा त्या आल्या, बाळ घेतलं आणि मला झोपवलं. अकरा वर्षं हे चाललं. मध्येच कधीतरी दिशा बदलली. मी त्यांच्यासाठी कान देऊ लागले. ते कोणी ठरवलं नाही, बोललंही नाही.

घरात त्यांच्या वस्तू मोजक्याच. रोज चावी द्यायचं गजराचं घड्याळ, तीन सेलची बॅटरी, नंबरांची वही. मोबाइल होता, पण नंबर वहीतच बघायच्या. "यात लिहिलेला नंबर कधी अपडेट मागत नाही," असं म्हणायच्या.

मागच्या वर्षी त्या जिन्यात घसरल्या. मनगट सुजण्यावर निभावलं, पण दुसऱ्या शहरातला मुलगा धावत आला. मुलगा वाईट नाही, हे आधीच सांगते. वाईट असता तर हे लिहिणं सोपं गेलं असतं.

"आई, आता माझ्याकडे चल."

"चौदाव्या मजल्यावर? तिथे मी काय करू, कबुतरांची विचारपूस?"

"चेष्टा नको. इथे तुला काही झालं तर कळणार कोणाला?"

"भिंतीला."

दोन दिवस वाद चालला, मग तह झाला. मुलाने एक घड्याळ आणलं. घालणारा पडला तर ते आपणहून मुलाला फोन लावतं. अट साधी होती. घड्याळ काम करतंय तोवर काकू आपल्या घरात. ते निरुपयोगी ठरलं की सामान बांधायचं. काकूंनी मान्य केलं आणि हात पुढे केला.

जाताना तो माझ्याकडे आला. "वहिनी, आता रोज सकाळी भिंत बडवायची गरज नाही. तुम्हालाही उगाच त्रास."

"त्रास कसला?" मी म्हटलं. पण मुलीची शाळेची बस साडेसहाला येते, आणि सहा वाजता माझ्या हातात डबा, वेणी आणि एक न सापडणारा मोजा असतो. मला सुटल्यासारखं वाटलं. काकूंनी रूळ कपाटात ठेवला.

सुरुवातीला घड्याळाने आम्हा दोघींना पोट धरून हसवलं. काकू कपडे घासायला बसल्या की ते पावलं मोजायचं. एकदा दोन चादरी धुतल्या, तर अभिनंदनाची घंटा वाजली. "बसल्या जागी स्टेशन गाठलं गं मी!" आणि खरंच बाजारात जाऊन आल्या की हात पिशवीत अडकलेला, म्हणून पावलं शून्य. मग मुलाचा फोन यायचा, "आई, आज तू अजिबात चालली नाहीस." काकू दळणाचा डबा खाली ठेवत म्हणायच्या, "चुकलंच. उद्या चादरी धुते."

पण अंघोळीच्या वेळी त्या घड्याळ काढून ठेवायच्या. एक्सचेंजमध्ये पहिल्या दिवशी शिकवलेला नियम होता, ओल्या हाताने यंत्राला शिवायचं नाही. बोर्डाजवळ पाण्याचा पेला ठेवला म्हणून त्यांच्या मैत्रिणीला मेमो मिळाला होता. हे घड्याळ पाण्यात चालतं, हे मुलाने दहादा सांगितलं. "आमचे साहेबही असंच सांगायचे," एवढंच म्हणून काकूंनी विषय संपवला. मग रोज अंघोळीआधी घड्याळ काढून चार्जिंगला लावायच्या, म्हणजे तो वेळही वाया जात नाही.

मला हे माहीत होतं. एकदा मी म्हटलंही, "अहो काकू, पडायची जागा तीच तर आहे." त्या म्हणाल्या, "दहा मिनिटांचं काम." मी पुढे बोलले नाही. मुलालाही कळवलं नाही. कळवलं असतं तर अट मोडली असती.

एका मंगळवारी पावणेसातला काकू न्हाणीघरात पडल्या. घड्याळ खिडकीपाशी चार्जिंगला होतं. ऑफिसला निघालेल्या मुलाला फोनवर चार्जिंगचं हिरवं चिन्ह दिसलं आणि त्याने निरोप पाठवला, "शाब्बास आई, आज वेळेवर!"

मी अकरापर्यंत ओट्याशीच होते. मिक्सर चालू होता, वर रेडिओ. मध्ये कुठेतरी काहीतरी आपटल्यासारखं ऐकू आलं होतं. वरच्या मजल्यावर नळाचं काम निघालं असेल असं वाटलं, आणि त्यांना आजच बरं सुचलं म्हणून मी चिडलेही. तो प्लास्टिकचा मग होता. काकू तो फरशीवर आपटत होत्या.

साडेबाराला बाजारातून आले तेव्हा त्यांच्या कडीला सकाळची दुधाची पिशवी तशीच लटकत होती. मी हाका मारल्या. आतून बारीक आवाज आला, "आहे, आहे. लाइनवर आहे." कुलूपवाला येऊन दार उघडेपर्यंत आणखी अर्धा तास गेला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नीट झालं. पाचव्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तेव्हा मुलगा खाटेजवळ उभा होता.

"आई, एकच गोष्ट सांगितली होती गं. एकच."

"हो रे. माझीच चूक."

मी मान हलवली. कशासाठी हलवली, कोण जाणे. एवढं मात्र खरं, की त्या खोलीत चूक कोणाची तरी असायला हवी होती, आणि ती काकूंनी आपणहून घेतली होती.

मग त्यांनी माझा हात धरला. "मी काय म्हणते, चालायला लागले की घरी जाते. घड्याळबिड्याळ नको. आम्ही पूर्वीसारखं भिंतीवर वाजवू. ही ऐकते बरोबर."

मुलगा माझ्याकडे वळला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पाच रात्री त्याने स्टुलावर काढल्या होत्या. "वहिनी, तुम्ही सांगा. घ्याल जबाबदारी? तुम्ही हो म्हणा, मी नेत नाही हिला."

मला साडेसहाची बस दिसली. मुलीची परीक्षा दिसली, सुट्टीत माहेरी जायचं ठरलं होतं तेही. एखाद्या सकाळी पुन्हा मिक्सर चालू असेल, आणि मग हाच माणूस हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारेल, हेही दिसलं. भिंतीवरून उत्तर गेलं नाही म्हणून काकू धावून आल्या, त्या चार सकाळी आठवल्या नाहीत असं नाही. त्याही आठवल्या. मी डब्याचं झाकण घट्ट लावत बसले.

काकूंनी माझा हात सोडला. "तिला कसलं विचारतोस? लेकरू आहे तिच्या पदरात," त्या मुलाला म्हणाल्या. "गाडी कितीची आहे ते बघ. सकाळची बघ, उन्हाआधी पोचू."

दुसऱ्या दिवशी मी त्यांची भांडी पुसून खोक्यात भरली. मुलाने दोनदा माझे आभार मानले.