हॉर्नला लावलेली चिंच

विजेच्या कामाचा डिप्लोमा मी पास झालो होतो, हे सर्टिफिकेट बघूनही माझ्या वडिलांना, म्हणजे आण्णांना, खरं वाटत नसे.

एकाहत्तर साल असेल. नोकरी नाही म्हणून दोन मुलींकडून नकार आलेला. तिसरी पुणतांब्याची. सोनईहून आमच्या जुन्या मोटारीनं जायचं ठरलं, पण तिचा हॉर्न मनात आलं तरच वाजायचा. आदल्या दिवशी मी बटण खोललं, तर आतले तांब्याचे पॉइंट काळेकुट्ट! तांबं काळं पडल्यावर काय करायचं, हे आमच्या घरात कुणीही सांगेल. मागच्या दारी आई भांडी घासत होती. तिच्या पुढ्यातली चिंच उचलली आणि पॉइंट पळी-पंचपात्रासारखे लखलखीत केले. धुतले मात्र नाहीत. (विजेच्या वस्तूला पाणी लावायचं नसतं, एवढं डिप्लोमात शिकलो होतो!)

हॉर्न खणखणीत वाजला. आण्णा जन्मात पहिल्यांदा मला ‘शाब्बास’ म्हणाले. खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले.

पुणतांब्यापर्यंत उन्हानं चिंच वाळत आली. मुलीच्या दारात आण्णांनी ऐटीत बटण दाबलं, ते वर येईचना! हॉर्न बोंबलतोय, मुलीचे वडील हात जोडून काहीतरी म्हणताहेत, आम्हीही हात जोडून काहीतरी म्हणतोय आणि कुणालाच काही ऐकू येत नाही. सगळी गल्ली गोळा झाली. मी बटणावर बुक्क्या मारत होतो. आण्णांनी कालची शाब्बासकी परत घेतल्याचं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

शेवटी जिला बघायला आलो होतो, तीच पदर खोचून बाहेर आली. बॉनेट उघडून तिनं हॉर्नची तार उपसली. (विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर तीच साफ करायची, हे मागाहून कळलं.) मग बटण खोलून वास घेतला.

“चिंच कुनी लावली ह्याला?”

नगरच्या मिस्त्रीनं, असं आण्णांनी ठोकून दिलं. तिसरा नकार मला समोर दिसत होता. तरी त्या बिचाऱ्या मिस्त्रीचं काय चुकलं होतं?

“मीच लावली,” मी म्हणालो.

ती हसली नाही. कोरड्या फडक्यानं गर पुसला, बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं दोनदा फिरवला आणि आत गेली.

आठ दिवसांनी होकार आला. लग्नानंतर एकदा धीर करून कारण विचारलं. म्हणाली, “हुशार न्हाई तर न्हाई, पन मानूस खोटं बोलला न्हाई.” एवढं चांगलं माझ्याबद्दल कुणीच बोललं नव्हतं, त्यामुळे पहिला अर्धा भाग मी सोडून दिला.

आजही घरातले स्विच, फ्यूज सगळं तीच बघते. माझा डिप्लोमा भिंतीवर आहे आणि माझ्याकडे देव्हाऱ्यातली तांब्याची भांडी आहेत. ती मी चिंचेनं घासतो. आता धुतोही.