नदीच्या अलीकडे

माझ्या नवऱ्याचं गाव जर्मनीच्या पूर्व टोकाला, नाइसे नदीच्या काठी आहे. पूर्वी ते दोन्ही काठांवर पसरलेलं एकच गाव होतं. पूर्वेच्या चढावर चर्च, बाजाराचा चौक, जुनी घरं. पश्चिमेला रेल्वे स्टेशन आणि कापडाची गिरणी. महायुद्ध संपलं आणि सीमा नदीच्या मधोमध आली. पूर्वेकडच्या जर्मनांना घरं सोडावी लागली. त्या घरांत जे पोलिश लोक राहायला आले, तेही आणखी पूर्वेकडची आपली गावं सोडूनच आले होते. चर्च पोलंडमध्ये राहिलं, स्टेशन जर्मनीत. पलीकडच्या भागाला आता पोलिश नाव आहे. सासूबाई ते कधी उच्चारत नाहीत. ‘पलीकडे’ एवढंच म्हणतात.

त्या सात वर्षांच्या असताना पलीकडून आल्या. महिनाभरात परत जायचंच आहे, असं त्यांच्या आईला वाटलं, म्हणून पुढे न जाता तिने नदीच्या अलीकडेच दोन खोल्या घेतल्या. सासूबाई अजून त्याच गल्लीत राहतात.

आम्ही दोघं मात्र संसारभर दूर पश्चिमेला, कार्ल्सरूहेत राहिलो. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते, तो शाळेत भूगोल शिकवायचा. माझे वडील गेले तेव्हा तो माझ्याबरोबर वाईला आला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्या भावाशेजारी कृष्णेत उभा राहिला आणि अस्थी सोडताना पाहत होता. परतताना म्हणाला, “कोणी एक कागदसुद्धा मागितला नाही.” पुढे एकदा त्याच्या गावी पुलावर उभे असताना तो म्हणाला, की त्यालाही असंच इथे सोडावं, मधोमध, म्हणजे तो कुठल्याच बाजूचा राहणार नाही. मी लगेच हो म्हटलं. इथे या गोष्टीसाठी कोणाची परवानगी लागत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. इतकी वर्षं या देशात काढून, साध्या भाडेकरारातली प्रत्येक ओळ दोनदा वाचणारी मी, हा शब्द मात्र वाईच्या हिशेबाने देऊन बसले.

मार्चमध्ये तो गेला. अंत्यविधीचं काम पाहणाऱ्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं, की रक्षा कुटुंबाच्या हातात देत नाहीत. कलश दहनगृहातून पोस्टाने थेट दफनभूमीत जातो. मी विचारलं, चिमूटभर तरी? त्यांनी मान खाली घातली. मग मी दोन्ही देशांच्या कार्यालयांना पत्रं लिहिली. दोन्हीकडून सभ्य नकार आले. हॉलंडमध्ये रक्षा कुटुंबाच्या हाती देतात, तिकडून काहीतरी जमतं, असं एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं, फोन नंबरही दिला. फोन करण्याआधी सासूबाईंना विचारायला हवं होतं. मुलगा त्यांचा होता.

त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी सगळं सांगितलं. त्या बटाटे सोलत होत्या. वाईबद्दल त्यांना ठाऊक होतं. पुलावरचं बोलणं मात्र त्याने त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

“या पाण्यात?” त्या म्हणाल्या. “पलीकडून येताना सैनिकांनी याच पुलावर आमची गाठोडी सोडून बघितली. आजीचा चष्मा काढून घेतला. त्यानंतर ती एक ओळ वाचू शकली नाही. मीच वाचून दाखवायचे.”

मी म्हटलं, “आई, त्याने मागितलं होतं.”

“त्याने तुझ्याकडे मागितलं, कारण मी नाही म्हणाले असते.” मग सुरी खाली ठेवून, “मला वॉकर घेऊन जाता येईल अशा जागी ठेव त्याला. माझे किती दिवस राहिलेत? तेवढं दे.”

मी तो नंबर लावला नाही. त्यांना जे दिलं ते खरं की त्याला दिलेला शब्द, याचा निवाडा मला तेव्हा करता आला नाही आणि अजूनही येत नाही. मी त्यांच्या गावच्या दफनभूमीतल्या जागेच्या अर्जावर सही केली.

दफनाच्या दिवशी प्रार्थनागृहापासून खड्ड्यापर्यंत कलश मला हातात धरू दिला. तो वाटला होता त्याहून जड होता. वाट उतारावरून जाते आणि एका ठिकाणी चेस्टनटच्या झाडांमधून खाली नदी दिसते. तिथून पाणी फार तर दोनशे पावलं असेल. कुंपणाला फाटक होतं, ते उघडंच होतं. मी थांबले. पुढे चालणारा दफनभूमीचा कर्मचारीही थांबला आणि टोपी हातात घेऊन वाट पाहू लागला. मागे वॉकरची चाकं खडीवर करकरत होती, तीही थांबली. सासूबाईंना धाप लागली होती. मी वळून पाहिलं नाही, पण ती धाप मला ऐकू येत होती.

ती शांत होईपर्यंत मी तिथे उभी राहिले. मग कर्मचाऱ्याच्या मागून चालू लागले.