कोब्याखालची माझी दीड ओळ

आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी म्हणजे मी, माझी बायको आणि काँक्रीट कालवायचा एक जुना मिक्सर. दोन डायरेक्टर लागतात म्हणून बायको डायरेक्टर झाली. अमरावतीच्या सीएने मला समजावलं होतं, "भाऊ, कंपनी म्हणजे वेगळा माणूस. बुडाली तर ती बुडते, तुमचं घर नाई." हे वाक्य मला इतकं आवडलं, की बडनेरा स्टेशनवर एका अनोळखी प्रवाशालाही मी ते ऐकवलं. त्याने काही विचारलं नव्हतं.

त्या वेगळ्या माणसाच्या जोरावर मी अकोल्यात एका दालमिलच्या गोदामाला कोबा, म्हणजे काँक्रीटची जमीन, करून द्यायचं काम घेतलं. मालक सत्तरीचे, सगळे त्यांना काकाजी म्हणत. करार कंपनीच्या नावाने टाइप करून नेला होता. काकाजींनी तो वाचला आणि समोर बसलेल्या दोन अडत्यांदेखत विचारलं, "हे कंपनी कोन हाय बापा? मी तं तुले ओळखतो. उद्या कोबा फुटला तं कोनाले धरू?"

शहाणा माणूस इथे चहा पिऊन गप्प बसतो. पण आमच्याकडे चार माणसांत शब्दावर शंका घेतली, की माणूस शब्द दुप्पट करून देतो. कंपनीतर्फे सही झाली होती. तिच्याखाली मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं : पाच वर्षांत कोब्याला तडा गेल्यास मी स्वतः माझ्या घरादारासह जबाबदार राहीन. आणि पुन्हा सही ठोकली. घरादाराचं कुणी नावही काढलं नव्हतं. वाक्य भरदार दिसावं म्हणून मीच घातलं. अडत्यांनी माना डोलावल्या. वाटलं, अकोला जिंकलं!

गोदामाखाली काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते, म्हणून तीन फूट उपसून मुरूम भरायचा असतो. मी दीड फुटावर थांबलो. भातकुलीचं दुसरं काम हाका मारत होतं. दुसऱ्या पावसाळ्यात कोबा मधोमध भाकरीसारखा फुगला आणि फाटला. तुरीच्या पोत्यांची थप्पी कलली.

काकाजींनी वकिलाकडून पाठवलेल्या नोटिशीत कंपनीचं नाव एकदा होतं, माझं नऊ वेळा. मी माझ्या वकिलाकडे धावलो.

"कंपनी वेगळा माणूस असते ना?"

"असते ना. पण तुमीच तिच्या बाजूले जाऊन उभे राहिले. स्वतःची हमी देणारा डायरेक्टर सुटत नाई भाऊ."

"अक्षर माझं नाही म्हटलं तर?"

"दोन अडते साक्षीदार हायेत. आन् अक्षर मोठं सुंदर हाय तुमचं."

मग काकाजींसमोर जाऊन उभा राहिलो. ते म्हणाले, "कोर्टात मले नाई जाचं. तुह्या खर्चानं नवा कोबा करून दे. कागद मात्र माह्यापाशीच राहीन."

कंपनीचा मिक्सर विकून फार तर मुरूम आला असता. उरलं घर, आणि ते दोघांच्या नावावर. आतापर्यंत ही सगळी हकिगत मी बायकोपासून लपवली होती. गहाणखतावर तिची सही लागणार म्हटल्यावर सांगावी लागली.

"घरादारासह?" तिने विचारलं. "लिहून देऊन राहिले होते तवा मले एक फोन काहून नाई केला? मीबी डायरेक्टर होती ना?"

बँकेतल्या अधिकाऱ्याने कागदावर बोट ठेवलं. "ताई, इथे फक्त सही."

"वाचल्याबिगर नाई."

ती पहिल्या पानापासून वाचू लागली. मी घड्याळाकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहणं सोडलं. चौथ्या पानावर तिचं बोट थांबलं.

"हे 'संयुक्त आणि वैयक्तिक' म्हंजे काय जी?"

"म्हणजे यांनी नाही फेडलं, तर एकट्या तुमच्याकडूनही सगळं वसूल करता येतं."

"तुमी जरा भाईर जाऊन बसा," ती मला म्हणाली.

मी बाहेरच्या बाकावर बसलो. काचेतून तिची पाठ तेवढी दिसत होती. तिने पान उलटलं. पेन अजून अधिकाऱ्याच्याच हातात होतं.