केलीचा नवा हार

मैत्रिणींनो, दुपारपासून घास गिळवत नाहीये, म्हणून ग्रुपवर लिहितेय.

आम्ही दुबईजवळ उम्म अल कुवैनला राहतो. शेजारच्या व्हिलात केली राहते. अमेरिकन आहे. कॉलेजात प्रेम जमलं आणि इथल्या अरबाशी लग्न करून इकडे आली. अंगभर काळा अबाया, मच्छी-भात, सासूचे टोमणे, सगळं अंगवळणी पाडून घेतलं बिचारीने.

आज धावतच आली. गळ्यात सोन्याचा रुंद हार, पार पोटापर्यंत!

"वाढदिवस नाही, ईद नाही, असाच आणला गं त्याने! आणि सासूबाईंनी चक्क मला जवळ घेतलं. डोळे भरून आले त्यांचे."

तो हार बघून मला शाळेतली एक गोष्ट आठवली. मी शाळेत शिकवते. मागे आमच्या स्टाफरूममध्ये इथली एक टीचर असाच नवाकोरा हार घालून आली, तेव्हा बाकीच्या अरब बायका कौतुक करायचं सोडून तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. नंतर एकीने मला हळूच सांगितलं, इथे नवरा दुसरं लग्न करतो तेव्हा पहिलीची समजूत काढायला सोनं देतो.

केलीला हे कुणीच सांगितलेलं नाही. मी चुकत असेन, इन्शाल्ला चुकतच असेन, असं मनाशी घोकत मी तिचा फोटो काढला. तिला तो अमेरिकेत आईला पाठवायचाय.

मग आरशात बघत ती म्हणाली, "शुक्रवारी यांच्या नात्यात कुणाचं तरी लग्न आहे. पण मला म्हणतात, तू घरीच आराम कर. मग हा हार मी घालू तरी कधी?"

सांगा ना, काय उत्तर देऊ तिला?